कापडाची कात्री

टेलरमावशींच्या घरात कायदे फार नव्हते. उशिरा उठा, पानात टाका, परीक्षेत आपटा, चार बोलणी खाल्ली की प्रकरण मिटायचं. कायदा होता तो एकच, आणि तो मात्र काळ्या दगडावरची रेघ: कापडाची कात्री कागदाला लावायची नाही. कागदाने धार जाते, आणि मग ती कात्री कापड कापत नाही, चावते. कागदासाठी दुसरी एक गंजकी कात्री खिळ्याला टांगलेली असायची, तिने खुशाल काय वाटेल ते कापा. कापडाची कात्री ड्रॉवरमध्ये, अंगठ्याच्या कडीला लाल चिंधी गुंडाळलेली, आणि तिला मावशींशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. लेक लहान असताना तिने त्या कात्रीने कागदाची बाहुली कापली होती. मावशींनी अशी एक मुस्कटात दिली की पोरगी रडायचंसुद्धा विसरली. मग मावशीच मशीनवर डोकं ठेवून रडत बसल्या.

या लेकीला त्या बॉबिन म्हणायच्या. रांगायला लागल्यापासून ती मशीनखालीच वाढली, मशीनमधल्या दोऱ्याच्या चकतीसारखी सारखी गरगर फिरायची, म्हणून बॉबिन. नवरा गेला तेव्हा ती दुपट्यात होती आणि थोरला नुकता शाळेत जायला लागला होता. मावशींनी रस्त्याकडच्या खोलीत मशीन मांडलं, खिडकीत पाटी लावली आणि दोन पोरं त्या मशीनवर मोठी केली. गणवेश, पँटी, फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते काम. प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी खाका त्या कापून ठेवायच्या आणि तारेला अडकवायच्या. सगळी गल्ली त्या तारेवर लटकलेली असे. कुणाचं पोट सुटतंय हे डॉक्टरच्या आधी मावशींना कळायचं, आणि त्या ते पोटातच ठेवायच्या.

आता थोरल्याचं बरं चाललं होतं. बरं चाललं की माणसाला आधी स्वतःचं दार खुपायला लागतं. ऑफिसातले लोक घरी यायचे, आणि यांच्या खिडकीत पाटी, दारात कुणाची तरी फाटकी पँट घेऊन उभी असलेली शेजारीण.

"आई, पुरे झालं आता," तो म्हणायचा. "लोक मला काय म्हणतील?"

"म्हणतील, आई पँट छान शिवते."

"मी थट्टा करत नाहीये. डोळे बघ तुझे. गेल्या वर्षी सुई नखातून आरपार गेली होती."

गेली होती, हे खरं. मावशींनी ती पकडीने उपटली होती, बोट तोंडात धरलं होतं आणि राहिलेली शिवण पुरी केली होती. पण सुनेने ते पाहिलं आणि तेव्हापासून घरात रोज तेच दळण. आराम करा, टीव्ही बघा, बागेत जाऊन बसा. सून वाईट नव्हती. मावशींचं ताट कधी गार होऊ दिलं नव्हतं तिने. फक्त तिला वाटायचं की म्हातारं माणूस म्हणजे उशीला टेकवून ठेवायची वस्तू.

"ज्या दिवशी हात थांबतील त्या दिवशी मशीन थांबेल," मावशींनी एकदाच काय ते सांगितलं. "त्याच्या आधी त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे."

थोरला गप्प बसला. गप्प बसणारा माणूस ऐकणारा असतोच असं नाही, हे मावशींना कळायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभराने बॉबिनचा फोन आला. ती लांबच्या शहरात नोकरीला. तिचे फोन म्हणजे हो, बरी आहे, जेवले, ठेवते. त्या दिवशी मात्र ती घोळवून घोळवून बोलली. म्हणे, डोंगरात एक कॅम्प असतो. आठवडाभर. कड्यावर चढायचं, नदीत होडी वल्हवायची, तारेवरून दरी ओलांडायची, शेवटी कडा उतरायचा. "आपण दोघीच, आई. तू आणि मी. किती वर्षांत आपण दोघीच कुठे गेलो नाही."

"अगं, माझं वय काय, तू बोलतेस काय? माझ्या वयाच्या बायका जिना चढताना कठडा धरतात."

"लहानपणी झाडावर कोण चढायचं? तूच सांगायचीस ना."

मावशींना झाडांचं काही पडलं नव्हतं. त्या विरघळल्या त्या 'आपण दोघीच' या दोन शब्दांनी. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. हातातली कामं त्यांनी धडाधड उरकली, नवी आलेली परतवली, "पुढच्या आठवड्यात या" म्हणून सगळ्यांना सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी मशीनवर चादर घातली, खोलीला कुलूप लावलं. त्यांना न्यायला आलेल्या बॉबिनने संध्याकाळी किल्ली मागितली. चार्जर आत राहिला म्हणाली. मावशींनी दिली. पोटच्या पोरीला किल्ली द्यायला कोण विचार करतं?

कॅम्पवर पोचल्या पोचल्या सगळ्यांचे फोन एका पत्र्याच्या डब्यात गेले. कॅम्पचा मुख्य म्हणजे एक आडदांड दाढीवाला, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कुठल्या सैन्यात होता देव जाणे, पण आवाज तसा होता. "इथे रेंज नाही, बाजार नाही, आणि गाडी आता थेट आठवड्याने," त्याने जाहीर केलं. "कंटाळा आला तर डोंगर बघा. तोही फुकट आहे."

पाहुण्यांत एक दाताचे डॉक्टर होते, गोल गरगरीत, बायकोने बळेच पाठवलेले. पहिल्या दिवशी कड्याखाली उभं राहून ते मावशींना म्हणाले, "मावशी, मी लोकांना घाबरवतो, मला घाबरायची सवय नाही हो." मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या कमरेला दोराचा पट्टा बांधणाऱ्या कॅम्पवरच्या पोरीला थांबावं लागलं.

आणि मग मावशी चढल्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा अर्ध्यातूनच खाली आल्या, दुसऱ्यांदा तोंडातून शिवी गेली, तिसऱ्यांदा मात्र बोटांना कळलं. मशीनवर बसून बसून बोटं अशी झाली होती की दगडाच्या कंगोऱ्याला एकदा चिकटली की सुटत नव्हती. जन्मभर पायडल मारलेल्या पोटऱ्या कधी नव्हे त्या कामाला आल्या. वर पोचून त्यांनी खाली पाहिलं आणि बॉबिनला हात केला. बॉबिन टाळ्या वाजवत होती.

कॅप्टनची एक रीत होती. दोरावरून उतरणाऱ्याचा दुसरा दोर खाली कुणीतरी धरून उभं राहायचं. वरच्याचा हात सुटलाच तर खालच्याने दोर ताणायचा, की वरचा जागीच थांबतो. म्हणून वर पाय सोडण्याआधी कॅप्टन मोठ्याने विचारायचा, "खाली दोर कुणाकडे?" आणि उतरणाऱ्याने तेवढ्याच मोठ्याने त्या माणसाचं नाव घ्यायचं. तो कुठल्या भरवशावर पाय सोडतोय ते त्याला स्वतःला ऐकू आलं पाहिजे, असं कॅप्टनचं म्हणणं.

"खाली दोर कुणाकडे?"

"माझ्या लेकीकडे!" मावशी ओरडायच्या. सबंध दरीला ऐकू जायचं.

आयुष्यात इतकं सुख मावशींना झेपेना. नदीवर दोघी एका होडीत. बॉबिन उजवीकडे वल्हं मारी, मावशी डावीकडे उलटं, आणि होडी आपली गोल गोल. "आता खरी बॉबिन झाली बघ," मावशी म्हणाल्या आणि दोघी हसता हसता पाण्यात पडल्या. ओल्या अंगाने काठावर उन्हात बसल्या तेव्हा बॉबिनने आईचे केस पुसून दिले. लहानपणी आईने तिचे पुसावेत तसे, खसाखसा. मावशींनी डोळे मिटून घेतले. नोकरीतला ताप, घरमालकिणीचा खडूसपणा, एक मुलगा आवडत होता पण जमलं नाही, असलं काय काय बॉबिन सांगत राहिली, आणि मावशी मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. फोनवर या पोरीला ठेवायची घाई असायची. इथे तिला उठायचीसुद्धा घाई नव्हती.

एक-दोनदा मात्र ती बोलता बोलता थांबायची. "आई, तुला एक सांगायचंय," म्हणायची, आणि मावशींनी "सांग की" म्हटलं की, "जाऊ दे, नंतर" करून पाण्यात खडे टाकायची. मावशींना वाटलं, त्या मुलाचंच काहीतरी असेल. लेकीच्या मनातलं उकरून काढायचं नाही, शिवण उसवल्यासारखं आपोआप उसवेल, अशी त्यांची समजूत.

एकदा चहा घेताना कॅम्पच्या कोठाराचं दार उघडं होतं आणि मावशींचं लक्ष आत गेलं. दोर पोत्यांत कोंबलेले, पोती फाटलेली, त्यातून दोराची टोकं मातीत लोळत होती.

"काय हो कॅप्टन," मावशी म्हणाल्या, "ज्या दोरावर आमचा जीव टांगता त्याला धड पिशवी नाही?"

"बाजारातल्या पिशव्या चार दिवस टिकत नाहीत, मावशी. तुम्हीच द्या शिवून."

"देते की. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण, बूड गोल, तोंडाला नाडी. आत एक कप्पा. बघा, तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल."

कॅप्टन गालातल्या गालात हसत होता, पण मावशींनी एका दोराचं वेटोळं वीत लावून मोजायला घेतलं तेव्हा तो गंभीर झाला. त्याचे असे आणखी दोन कॅम्प होते. तिन्हीकडच्या सगळ्या पिशव्या मावशींनी कराव्यात, नमुन्याचा खाका इथेच बनवून दाखवावा, असं ठरलं. मावशींना इतकं मोठं काम आजवर कुणी दिलं नव्हतं. गल्लीतल्या पँटी आणि फ्रॉक सोडून कुणी डोंगरावरच्या दोरासाठी त्यांना विचारील असं स्वप्नातही नव्हतं.

"बॉबिन, ऐकलंस का?" त्या जवळजवळ पळतच तंबूकडे आल्या. "घरी गेल्या गेल्या लागते. मशीनला जाड सुई लावावी लागेल, तेल घालावं लागेल. थोरल्याला म्हणावं, बघ, आईचे हात कुठपर्यंत पोचले."

बॉबिन बुटाची नाडी बांधत होती. एकदा बांधून झाली ती तिने सोडली आणि पुन्हा बांधली. "घरी गेल्यावर बघू ना, आई," ती म्हणाली. "आत्ताच कशाला शब्द देतेस?"

"दिलासुद्धा," मावशी म्हणाल्या.

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना विश्रांती होती. बॉबिन ओढ्यावर कपडे धुवायला गेली. मावशींनी स्वयंपाकघरातून जुनी वर्तमानपत्रं मागून आणली, डिंकाने चिकटवली, त्यावर कोळशाने खाका आखला. आता कापायचं कशाने? स्वयंपाकघरातली कात्री मोडकी होती. बॉबिनकडे नखं कापायची छोटी कात्री असते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिची पाठपिशवी ओढली, वरचे कपडे बाजूला केले. तळाशी गरम शालीत काहीतरी जड गुंडाळलेलं हाताला लागलं. हातानेच त्यांना ते कळलं. शाल उलगडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उलगडली. अंगठ्याच्या कडीला लाल चिंधी.

मावशी तिथेच खाली बसल्या. ही कात्री ड्रॉवरमधून कधी बाहेरगावी गेली नव्हती. खोलीच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. हिला हात लावायची बॉबिनची छाती नव्हती, मुस्कटात खाल्लेली पोरगी ती. मग तिने ही चोरून का आणावी? चार्जर आठवला. किल्ली आठवली. घराला आग लागणार हे आधीच ठाऊक असलेला माणूस घरातली एखादीच वस्तू उचलून बाहेर पडतो, तसं होतं ते.

बॉबिन ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन आत आली आणि दारातच थांबली. कात्री आईच्या मांडीवर होती.

"खोली रिकामी करतायत," मावशी म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

बॉबिनने कपडे खाली ठेवले. "दादाने सगळं ठरवलं होतं. रंग, पलंग, टीव्ही, नवे पडदे. तुला खूश करायचं म्हणून. मी आधी नाही म्हणाले होते, आई."

"मग?"

"मग तो सुईचं सांगून रडायला लागला. म्हणाला, उद्या डोळे गेले तर तू येणारेस का सांभाळायला?"

"आणि मला इथे आणायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

बॉबिनने पिळ्यातला एक कपडा उचलून झटकला.

"बोल की. डोंगर मला आवडेल म्हणून आणलंस ना?"

"दुसऱ्या कुठल्या ठिकाणाहून तू दुसऱ्या दिवशी परत आली असतीस," बॉबिन खाली बघत म्हणाली. "इथून गाडी आठवड्यानेच निघते. फोनही नाही."

मावशींना आधी राग आलाच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर होडी आली, ओले केस आले, ते सगळं सांगणं आलं. आपण ज्याला लेकीची माया समजलो तो पहारा होता, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आणि लक्षात आल्यावर मात्र छातीत असं काही दुखलं की सुई नखातून गेली तेव्हाही तसं दुखलं नव्हतं.

"रोज सांगणार होते मी," बॉबिन रडत म्हणाली. "रोज सकाळी ठरवायचे."

"मग काय आडवं आलं?"

"तू हसत होतीस, आई. तुला इतकं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं."

"म्हणून मला हसू दिलंस आणि तिकडे माझा संसार विकू दिलास." मावशी उठल्या. "केसाने गळा कापलास गं पोरी. परक्याने कापला असता तर निदान सुरीने कापला असता."

त्या तशाच ऑफिसात गेल्या. तिथे एकच फोन होता, अडीअडचणीसाठीचा. कॅप्टनने त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता फोन पुढे सरकवला. मागोमाग बॉबिन आली. दाताचे डॉक्टर तिथे मलमपट्टी शोधत होते, ते कोपऱ्यात सरकले.

थोरल्याचा आवाज उत्साहाने फुटत होता. "आई? अगं, तू कशी काय फोनवर? बरी आहेस ना? बॉबिनने सांगितलं वाटतं. फितूर कुठली. बरं, आता कळलंच आहे तर ऐक, तू खोली ओळखणार नाहीस."

"मशीन कुठे आहे?"

"चांगल्या हाती पडलंय, आई, काळजी करू नकोस. परवाच टेम्पो गेला. एका संस्थेला हवं होतं, त्यांनी तुझे आभार मानलेत."

"तारेवरचे खाके?"

"कुठले? ते जुने कागद होय? ते रद्दीत गेले. काय धूळ निघाली गं त्यातून."

मावशींनी फोन हळूच खाली ठेवला. तिकडून "आई, आई" ऐकू येत राहिलं. सगळी गल्ली रद्दीत गेली होती. ज्यांची मापं त्यात होती त्यातली निम्मी माणसं आता जिवंतही नव्हती, आणि मावशींनी ते कागद तरीही ठेवले होते.

"कॅप्टन," त्या म्हणाल्या, "तुमच्या पिशव्या माझ्याच्याने होणार नाहीत. शब्द दिला होता, मोडते. माफ करा."

"का हो? काय झालं?"

"हिला विचारा."

कॅप्टनने बॉबिनकडे पाहिलं. खरं सांगावं तर चारचौघांत भावाची अब्रू जाते, आपलीही. तिने ठेवणीतलं एक वाक्य काढलं, घरात सगळे म्हणायचे तेच.

"आईला आता झेपत नाही हो," ती म्हणाली. "वय झालंय ना."

दाताचे डॉक्टर खो खो हसले. बिचाऱ्यांना वाटलं, मायलेकींची काहीतरी गंमत चालली आहे. "यांना झेपत नाही? अहो, परवा मला त्या कड्यावरून कॉलर धरून वर ओढलं यांनी." कॅप्टनही हसला. मग दोघांनी मावशींकडे पाहिलं आणि दोघांचंही हसू मावळलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मोठा कडा उतरायचा होता. मावशी येणार नाहीत असं बॉबिनला वाटलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी तयार होत्या, पट्टे बांधून, शिरस्त्राण घालून. बॉबिन नेहमीसारखी खाली गेली, हातमोजे चढवले, दोराचं टोक हातात घेऊन वर बघत उभी राहिली. डॉक्टरही खालीच होते, आदल्या दिवशीच्या खरचटलेल्या गुडघ्याचं निमित्त करून उतरणं टाळलं होतं त्यांनी.

मावशी कड्याच्या धारेशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. टाचा हवेत.

"खाली दोर कुणाकडे?" कॅप्टन ओरडला.

मावशींनी मान वळवून खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून बॉबिन अगदी लहान दिसत होती. मशीनखाली दिसायची तेवढीच. मावशींना क्षणभर वाटलं, घ्यावं तिचं नाव. सवयीने जिभेवर आलंही होतं.

"डॉक्टरांकडे," त्या म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत, पण कड्यावर आवाज घुमतो. खाली स्पष्ट ऐकू गेला. डॉक्टर गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. कॅप्टनने खाली बॉबिनकडे पाहिलं, पण त्याचीच रीत होती, ती त्याला मोडता येईना. त्याने वरून खूण केली. बॉबिनने दोर डॉक्टरांच्या हातात दिला, हातमोजेही काढून दिले, आणि ती मागे एका दगडाजवळ जाऊन उभी राहिली. मावशी उतरल्या. पाय एकदाही घसरला नाही.

पाय टेकल्यावर बॉबिन पट्ट्याचं बक्कल सोडायला पुढे झाली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "एवढं झेपतं मला."

दुपारी गाडी यायची होती. सामान ओसरीवर आलं, पत्र्याच्या डब्यातून ज्याचे त्याला फोन मिळाले. कॅप्टन मावशींच्या समोर येऊन घुटमळला. त्याला काय ते नीट कळलं नव्हतं, पण अर्धंमुर्धं कळलं होतं.

"मावशी, राग मानू नका. तो खाका तरी देऊन जाल का? मी दुसऱ्या कुणाकडून शिवून घेईन. तुमच्यासारखी होणार नाही, पण माप तरी तुमचं राहील."

"देते की," मावशी म्हणाल्या. "त्यात काय."

त्यांनी आखलेला कागद आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर कप ठेवले. मग बॉबिनकडे न बघताच हात पुढे केला. बॉबिनने पिशवीतून कात्री काढून त्या हातावर ठेवली. कालपासून ती कात्री तिच्याचकडे होती. मावशींनी तंबूत टाकून दिलेली तिने पुन्हा शालीत गुंडाळली होती.

मावशींनी चिंधीवर अंगठा बसवला आणि कोळशाच्या रेघेवर कात्री चालवली. करकर आवाज झाला. वर्तमानपत्र दुहेरी होतं, डिंकाने कडक झालेलं.

"आई," बॉबिन म्हणाली. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला होता. "आई, ती कापडाची आहे."

"कापड कुठे आहे आता?"

मावशी कापत राहिल्या. बूड गोल होतं, ते वळणावळणाने कापलं. मग बाजू कापल्या, मग कप्पा, मग नाडीची पट्टी. कुठे घाई केली नाही, कुठे रेघ सोडली नाही. सगळे तुकडे एकावर एक रचून कॅप्टनच्या हातात दिले आणि कुठला कशाला जोडायचा ते बोट ठेवून समजावलं. शिवणीसाठी कडेला दोन बोटं सोडलीत, तेवढी सांगा शिवणाऱ्याला, म्हणाल्या.

खाली वळणावर गाडीचा भोंगा वाजला. मावशींनी आपली पिशवी खांद्याला लावली. कात्री टेबलावरच होती. कॅप्टनने ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

"असू द्या तुमच्याकडे," मावशी म्हणाल्या. "खिळ्याला टांगून ठेवा. कागदाला होईल."